तीन आवाज

माझ्या दिराच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट संध्याकाळ मी एकदा वादविवाद स्पर्धेला विषय म्हणून दिली, आणि तिच्यावर पहिला नंबर पटकावला. बक्षीस म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, बी.ए. होते, भंडाऱ्याहून लग्न होऊन रायपूरला आले होते, आणि इथल्या अख्ख्या रेल्वे कॉलनीत माझ्यासारखं बोलणारी बाई नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. ते मत मी कोणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं. आज ती पोरगी रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण तोंडावर हात ठेवायला लावून.

देवराव भाऊजी गेले त्याला आता दीड महिना होत आला. माझ्या मिस्टरांचे धाकटे भाऊ. वयानं माझ्याएवढेच, पण वहिनी म्हणून मला शेवटपर्यंत अहो-जाहो. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले आणि एकाहत्तरच्या लढाईहून परत आले तेव्हा स्टेशनवर घ्यायला आम्ही सगळे हार घेऊन गेलो होतो. गाडीतून जो माणूस उतरला तो हार गळ्यात घालून घ्यायला खाली वाकलाच नाही. मी टाचा उंचावून घातला, आणि घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाले, "फौजेनं यांची मान लोखंडाची करून पाठवली." सगळे हसले. भाऊजी सोडून.

पुलावरची गोष्ट त्यांनी मला काही महिन्यांनी सांगितली. मी वाटाणे सोलत बसले होते, ते समोर येऊन बसले आणि शेंगा उचलून सोलायला लागले. तेव्हा मी ते नुसतं मजेदार समजले होते. फौजी माणूस वाटाणे सोलतो म्हणून. सोलता सोलता बोलले. पूर्वेकडे एका पुलावर त्यांच्या तुकडीचा चेकनाका होता. दोन रिकामे ड्रम, आडवा बांबू, वाळूची पोती. त्या दिवशी दुपारी खबर आली की दुश्मनानं आपला एक ट्रक पळवला आहे, आपलेच कपडे घालून त्यातून येतील. दिवे लावायचे नाहीत असा सगळ्यांना हुकूम. दिवस मावळताना नदीवरून धुकं चढलं, आणि त्या धुक्यातून बिनदिव्याचा ट्रक पुलावर आला. पहारेकऱ्यानं तीनदा ललकारायचं, 'थम, कौन आता है', आणि तरी कोणी थांबलं नाही तर गोळी चालवायची, असा कायदा. भाऊजींनी गोळी चालवली. ट्रक कठड्याला जाऊन टेकला. आत बिसाहू होता... त्यांच्याच तुकडीचा. रायपूरच्या भरतीत रांगेत यांच्या मागे उभा असलेला, आरंगच्या पुढच्या एका गावचा पोरगा. लग्न होऊन वर्ष झालेलं. त्याच सकाळी पुलावरून जाताना यांना अर्धी विडी देऊन गेला होता.

चौकशी झाली. चौकशीत ठरलं की पहारेकऱ्यानं तीन आवाज दिले, ड्रायव्हर थांबला नाही, सबब चूक ड्रायव्हरची. भाऊजींना शिक्षा नाही, बदली नाही, काही नाही. बिसाहूच्या घरी कळवलं, लढाईत कामी आला.

"पण तीन आवाज तर तुम्ही दिले होते ना?" मी विचारलं.

"हव," भाऊजी म्हणाले, आणि वाटाण्याची टोपली माझ्याकडे सरकवून उठून गेले. छत्तीसगढात राहून आम्ही सगळेच हो म्हणायला 'हव' म्हणतो. भाऊजींचं 'हव' मात्र कधी कधी दार लावून घेतल्यासारखं ऐकू यायचं. ते मला कळायला फार वर्षं लागली.

आमच्या लोकांची एक खोड आहे. दुःख असो, भांडण असो, नवा कायदा असो, आम्ही ते व्यासपीठावर नेतो. विहारात रविवारी वंदना झाली की चर्चा, जयंती आली की वक्तृत्व, लग्नात अक्षतांच्या आधी दोन भाषणं आणि नंतर एक. त्या वर्षीच्या जयंतीला वादविवाद ठेवायचं ठरलं, आणि समितीतले काका 'हुंडा' आणि 'शेती की नोकरी' यांच्या पुढे सरकेनात. मी म्हणाले, काहीतरी नवीन घ्या. आणि चिठ्ठीवर विषय लिहून दिला: पहारेकऱ्याच्या हातून आपलाच माणूस मारला गेला, दोष कोणाचा? मी फार हुशारीनं सगळं झाकलं होतं बरं का. पुलाचा घाट केला, बिसाहूचा रामसिंग केला, धुक्याचा पाऊस केला. कॉलनीत लढाईहून आलेला माणूस एकच होता, हे तेवढं माझ्या लक्षात आलं नाही.

माझा हेतू चांगला होता. वाईट हेतूनं मी आयुष्यात फार कमी गोंधळ घातले, सगळे मोठे गोंधळ चांगल्या हेतूनं. मला वाटलं, भाऊजी आतल्या आत कुढतात. चार लोकांसमोर त्यांचं निर्दोषत्व सिद्ध करून दाखवलं की माणूस मोकळा होईल. म्हणून मी पहारेकऱ्याच्या बाजूनं उभी राहिले. समोर वासनिक मास्तर. आणि टाइमकीपर कोण? देवराव भाऊजी. फौजेतलं घड्याळ त्यांच्याकडेच होतं. रेल्वेच्या शाळेतून आणलेली पितळी घंटी समोर टेबलावर ठेवून ते बसले होते, आणि विषय वाचला गेला तेव्हा त्यांनी ती घंटी दोन्ही हातांनी धरली. आवाज होऊ नये म्हणून धरतात तशी.

मी काय बोलले ते सगळं आठवतं, दुर्दैवानं. टेबलावर हात आपटून मी म्हटलं होतं, "एक आवाज. दुसरा आवाज. तिसरा आवाज. याच्या पुढे, अध्यक्ष महाराज, पहारेकऱ्यानं काय नारळ फोडून स्वागत करायचं होतं का?" टाळ्या. मांडवात एप्रिलचं ऊन मावत नव्हतं तरी टाळ्या. माझी वेळ संपायला आली तशी घंटी वाजली, अगदी बरोबर. मग वासनिक मास्तर उठले. किडकिडीत माणूस, आवाज बारीक. ते म्हणाले, तीन आवाज दिले हे सांगितलं कोणी? ज्यानं गोळी मारली त्यानं. ज्यानं ऐकले की नाही ते सांगायचं, तो तर मेला. मग या गोष्टीत मेलेल्याच्या बाजूची साक्ष कुठं आहे? मास्तर बोलत राहिले, वेळ संपली, घंटी वाजेना. मास्तरांनी स्वतःच दोनदा टाइमकीपरकडे पाहिलं. भाऊजी त्यांच्याकडे बघत बसले होते, तहानलेला माणूस भरल्या माठाकडे बघतो तसे. आणि मी, बी.ए., उभी राहून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, टाइमकीपरचं लक्ष नाही. प्रतिपक्षाला जास्त वेळ मिळून राहिला."

लोक हसले. घंटी वाजली. मास्तर वाक्य अर्धवट सोडून बसले. पहिला नंबर माझा.

रात्रभर घरात कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि मला वाटलं सगळे जळतात. दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "वैनी, तीन आवाज नव्हते," ते म्हणाले. "एक देला. तोही घशातून निघाला का नाई, मले आजवर समजलं नाई." चौकशीला कप्तान साहेबांनी विचारलं होतं, तीन बार ललकारा था न? आणि फौजेत साहेबानं 'था न' म्हटलं की खाली 'जी साब' एवढंच येतं. तेवढंच आलं होतं. भाऊजी म्हणाले, गोळी धुक्यात सुटली, वैनी, तिचं मी काही म्हणत नाही. पण ते 'जी साब' मी उजेडात बोललो... आणि चूक बिसाहूच्या नावावर गेली.

यावर एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी म्हटलं, "अहो, घाबरल्यावर माणसाले मोजता येते का? तीनच देले असतील तुम्ही. तुम्ही विसरले." आणि याच्या पुराव्यादाखल मी त्यांना तीन मुद्दे दिले. ते ऐकून भाऊजी 'हव' म्हणून निघून गेले. आमचे हे कोपऱ्यात दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "तू त्याले सोडवून राहिली का बांधून राहिली?" ह्यांना वक्तृत्वाचं अंग नव्हतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

त्यानंतर पन्नासेक वर्षं आम्ही दोघं त्या पुलावरच उभे होतो, असं आता वाटतं. फौज सोडल्यावर त्यांना रेल्वेत फाटकावर गेटमनची नोकरी मिळत होती. आडवा बांबू आणि समोरून येणाऱ्या गाड्या बघून ते माघारी फिरले आणि पार्सल ऑफिसात लागले. लग्न झालं, संजय झाला. पण आठवड्यातून एकदा यायचे, ओसरीत बसायचे, चहा अर्धा झाला की म्हणायचे, "वैनी, तुमचा तो दुसरा मुद्दा. अंधाराचा. पूर्ण अंधार कुठं झाला होता?" मी बाजू मांडायची. ते खोडायचे. मी पुन्हा मांडायची. आरोपी स्वतःविरुद्ध पुरावे आणतोय आणि वकिलीणबाई त्याला सुटका देऊन देऊन घरी पाठवतेय. एकदा तर म्हणाले, "बिसाहूच्या ट्रकचा आवाज मी रोज ऐकत होतो." मी म्हटलं, सगळ्या ट्रकांचा आवाज सारखाच. ते म्हणाले, "तुम्हाले तुमच्या घरच्या सायकलीचा आवाज वेगळा येत नाई?" खरं तर येत होता. हे ड्युटीवरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी असले तरी मला कळायचं. पण मी म्हटलं, सायकल वेगळी आणि ट्रक वेगळा. जिंकले.

त्यांची एक सवय सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. कोणालाही एकदा हाक मारायचे नाहीत. "संजू. संजू. संजू." तीनदा, सारख्या अंतरानं, पोरगं पहिल्याच हाकेला समोर येऊन उभं राहिलं तरी. चहा हवा असला तरी तीनदा. संध्याकाळी रस्त्यानं कोणी बिनलाइटचा स्कूटरवाला दिसला की घराच्या फाटकाशी उभे राहून, "लाइट जला, भैया," तेही तीनदा. गल्लीतली पोट्टी त्यांची नक्कल करायची. मीही करायची, आणि चांगली करायची. हळदीकुंकवाला नाही पण बायकांच्या सभेला माझ्याकडून ती नक्कल मागून घेत. ही हाक कुठून येते, हे मला, म्हणजे जिला ती सगळी गोष्ट ठाऊक होती तिला, कितीतरी वर्षं सुचलं नाही. एक दिवस भाजी चिरता चिरता सुचलं, आणि त्यानंतर मी ती नक्कल केली नाही. भाऊजींनी विचारलं, "काहून, वैनी, आता माझी नक्कल नाई करत?" त्यांना ते ठाऊक होतं तर.

आणखी एक होतं. भादव्यात तीजा आला की छत्तीसगढात भाऊ बहिणीला माहेरी आणतो, लुगडं घेतो. इथे त्याला लुगरा म्हणतात. भाऊजी दर तीजाला बिसाहूच्या बायकोला, सोनकुंवरला, लुगरा नेऊन द्यायचे. आमच्या विहारात कुजबूज व्हायची की बौद्ध माणूस तीजा कसला करतो. भाऊजी म्हणायचे, मी तीजा नाई करत, मी लुगरा नेऊन देतो. रंग निवडायला मला सदर बाजारात न्यायचे. मी दुकानदाराला चाळीस साड्या उलगडायला लावायची आणि भाऊजी बाहेर पायरीवर उभे. एकदा मी म्हटलं, मलाही न्या तिच्या गावाला. ते म्हणाले, नको. मी समजले, बिचारीला काही ठाऊक नाही, आणि माझ्या तोंडाचा यांना भरवसा नाही. दोन्हीपैकी दुसरं तर वाजवीच होतं. म्हणून मी त्यांना दर वर्षी बजावायची, "तिले काही सांगू नका हं. तिचा नवरा लढाईत गेला, तेवढंच तिच्याजवळ आहे. तेही काढून घ्याल का?" या मुद्द्यावर भाऊजी कधी वाद घालायचे नाहीत. 'हव' म्हणायचे.

शेवटची भेट संजयच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये. हृदय थकलं होतं, पायांना सूज. पलंग बाल्कनीच्या दाराशी सरकवून घेतला होता, खाली तलाव, तलावाकाठी फिरणारी माणसं. मी गेले तेव्हा संध्याकाळ उतरत होती आणि भाऊजी खालच्या रस्त्याकडे बघत ओठ हलवत होते. आवाज येत नव्हता. मी बसले.

"वैनी," ते म्हणाले, "बिसाहूच्या बाजूनं आजवर कोणीच नाई बोललं. एक मास्तर बोलला. त्याच्यावर तुम्ही घंटी वाजवाले लावली."

"मग आता काय करू? मास्तरले वरून बोलावू?"

ते हसले. हसताना दम लागला, म्हणून मी पाणी दिलं. "तुम्ही बोला ना एकडाव."

"तुमच्याविरुद्ध?"

"त्याच्या बाजूनं म्हणून राहिलो मी."

एवढं सोपं मागणं होतं. आयुष्यभर ज्या तोंडाचा मी अभिमान बाळगला त्याच तोंडानं मी पळवाट शोधली. माझ्यासमोर माणूस मरत होता आणि त्याला दोषी म्हणायचं होतं... मी म्हटलं, "असं बिनतयारीचं मी बोलत नाई. गुरुवारी येते, मुद्दे काढून." भाऊजी म्हणाले, "हव." यावेळच्या 'हव'मध्ये दार लावल्याचा आवाज नव्हता. गुरुवारची वाट बघतो, असं काहीतरी होतं त्यात.

बुधवारी सकाळी संजयचा फोन आला. "बडी मम्मी, पापा नहीं रहे." माझ्या डोक्यात तेव्हा बिसाहूच्या बाजूचा तिसरा मुद्दा चालला होता, आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावरही तो मुद्दा थांबला नाही. दोन दिवस चालू राहिला. अजूनही होतं असं. कोणी मला एकदा हाक मारली की मी जागची उठत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत बसते. नातसून समजते, आजीला ऐकू कमी येतं. समजू दे. ओसरीत चहा घेऊन बसले की समोरच्या खुर्चीतून मुद्दा येतो, आणि आता मला तो खोडता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात ठेवला. वंदना झाल्यावर आदरांजलीची भाषणं, यादीत माझं नाव पहिलं. संजयनं आधीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "बडी मम्मी, पापा की अच्छी-अच्छी बातें बोलना. बस." माझ्या चेहऱ्यावर त्यानं काहीतरी वाचलं असणार. मी म्हटलं, तू काळजी करू नको. उभी राहिले आणि पाहिलं, बायकांच्या पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई बसली होती. अंगावरचं लुगडं मी ओळखलं. गेल्या भादव्यात मीच निवडलं होतं, मोरपंखी. म्हणजे ही सोनकुंवर. संजयनं गावाला निरोप पाठवला होता.

मराठीत बोलले असते तर तिला निम्मं कळलं नसतं आणि मी सुटले असते. तो विचार आला, लपवत नाही. पण बिसाहूच्या बाजूचं भाषण बिसाहूच्याच घरच्या माणसाला कळू नये, हे कसलं भाषण? मी हिंदीत बोलले. म्हटलं, देवराव मेरे देवर थे, अच्छे आदमी थे, यह सब आगे के लोग बोलेंगे. मैं उस आदमी की तरफ से खडी हूं जिसकी तरफ से कोई नहीं बोला. आणि सांगितलं सगळं. पूल, धुकं, ट्रक. तीन आवाज नव्हते. एक होता, तोही कोणी ऐकला असेल असं नाही. बिसाहू थांबला नाही कारण त्याला थांब म्हणून कोणी नीट सांगितलंच नाही. चूक त्याची नव्हती. देवराव हे जाणत होते, आणि 'जी साब' म्हणून आल्याचं ओझं त्यांनी मरेपर्यंत वाहिलं. आणि ते खाली ठेवायला निघाले की दरवेळी मी ते उचलून पुन्हा त्यांच्या डोक्यावर देत गेले. टाळ्या अर्थातच नव्हत्या. संजय मान खाली घालून बसला होता. मी खाली येऊन बसले.

पुढची भाषणं मी ऐकली नाहीत. जेवणाची पंगत बसली, लोक माझ्या शेजारून वळसा घालून जाऊ लागले, आणि मी खिरीचं भांडं घेऊन सरळ सोनकुंवरसमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं याची तयारी नव्हती. म्हटलं, तुमको यह आज, मेरे मुंह से, ऐसे नहीं मालूम होना था. तिनं हातातलं भांडं काढून घेऊन खाली ठेवलं, मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिचा हात कोरडा आणि उबदार होता. समोर लावलेल्या भाऊजींच्या फोटोकडे बघत ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली:

"मैं तो पहिलीच साल ले जानत हंव, दीदी. ओ हर पहिली लुगरा धर के आइस, तभे सब बता दिस, अउ माफी मांगिस." म्हणजे पहिला लुगरा नेला तेव्हाच भाऊजींनी तिला सगळं सांगून माफी मागितली होती. " मैं माफी नइ देंव. दे देतेंव, त ओ हर आना छोड देतिस."